पेट्रोलची पातळी : तीन मिलिमीटरचा प्रश्न

गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत डोकावून पाहिले तर एका दांडीच्या टोकाला पोकळ गोळा तरंगताना दिसतो. पाणी चढले की गोळा चढतो, दांडी नळाचे तोंड दाबते आणि पाणी थांबते. पाणी वापरले की गोळा उतरतो व नळ पुन्हा वाहू लागतो. हा बॉलकॉक बहुतेक विद्यार्थ्यांच्या पाहण्यातला असतो. जुन्या मोटारसायकलीच्या कार्ब्युरेटरमध्ये याच बॉलकॉकची एक छोटी आवृत्ती बसवलेली असते, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते.

गच्चीवरच्या टाकीत पाणी दोन बोटे वर राहिले काय किंवा खाली राहिले काय, कोणाचे काही बिघडत नाही. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल तीन मिलिमीटर वर-खाली झाले तर गाडी सकाळी सुरू होत नाही, प्लग काळा पडतो, नाहीतर गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकू लागते. एवढासा फरक इतका का जाणवावा? आर्किमिडीज आणि बर्नुली हे दोघे शाळेच्या पुस्तकात वेगवेगळ्या धड्यांत भेटतात. या प्रश्नाचे उत्तर शोधताना ते एकाच वाटीत भेटतात.

२०२० साली प्रदूषणाचे भारत स्टेज ६ हे निकष लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला. तिथे आता संगणकाच्या हुकमाने पेट्रोलचा फवारा उडतो. पण जुन्या बुलेट, जावा, येझदी, राजदूत आजही गावोगाव धावतात. विज्ञान शिकवायला त्या नव्या गाड्यांपेक्षा चांगल्या, कारण त्यांतले सगळे उघडून पाहता येते.

पातळी कशासाठी?

पेट्रोलचा फवारा उडवणारा आणि फ्लोट असलेला कार्ब्युरेटर १८९३ च्या सुमारास आकाराला आला. जर्मनीत मायबाख आणि हंगेरीत बांकी व चोंका यांनी त्याच सुमारास तो स्वतंत्रपणे घडवला. त्यातली मूळ कल्पना आजही तशीच आहे. इंजिन हवा ओढते. ती हवा एका अरुंद घशातून जाते. घशात तिचा वेग वाढतो व दाब घटतो. घशात एका बारीक नळीचे तोंड उघडते आणि त्या नळीचे दुसरे टोक पेट्रोलच्या वाटीत बुडालेले असते. वाटीवर बाहेरच्या हवेचा पूर्ण दाब असतो, घशात तो थोडा कमी असतो. या फरकामुळे पेट्रोल नळीतून वर चढते, घशात येते आणि हवेबरोबर फवारा होऊन जाते.

आता वाटीतले पेट्रोल नळीच्या तोंडाला अगदी भिडलेले असेल तर? हवा थांबली तरी जराशा धक्क्याने ते सांडेल. म्हणून पातळी तोंडाच्या किंचित खाली ठेवतात. पण खाली ठेवली की तेवढी चढण चढवायला हवेच्या ओढीतला काही हिस्सा खर्च होतो. खरा प्रश्न आहे तो हा हिस्सा केवढा, हाच.

गणित करू. पेट्रोलची घनता प्रतिघनमीटर ७४० किलोग्रॅम धरली तर १ मिमी उंचीच्या स्तंभाचा दाब सुमारे ७.३ पास्कल येतो. हवेचा वेग सेकंदाला १० मीटर असेल तर दाब सुमारे ६० पास्कलनी घटतो (अर्धा गुणिले घनता गुणिले वेगाचा वर्ग, हवेची घनता १.२). म्हणजे ही ओढ फक्त ८.३ मिमी पेट्रोल उचलू शकते. वेग ५० मीटर झाला तर घट १५०० पास्कल, म्हणजे सुमारे २०७ मिमी पेट्रोल. वेग पाचपट, ओढ पंचवीसपट.

पातळी तोंडाच्या ५ मिमी खाली आहे असे समजू. मंद हवेत ८.३ पैकी ५ मिमी चढण्यात गेले, प्रवाहासाठी उरले ३.३. पातळी आणखी ३ मिमी खाली गेली तर उरतात फक्त ०.३. प्रवाह उरलेल्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, म्हणून पेट्रोल आधीच्या एक तृतीयांशापेक्षाही कमी येईल. उलट पातळी ३ मिमी वर गेली तर ते सुमारे ३८ टक्के जास्त येईल. आणि जोरदार हवेत? २०७ मधून ५ वजा केले काय किंवा ८ वजा केले काय, प्रवाहात एक टक्कादेखील फरक पडत नाही.

पातळीचा धाक हवा मंद असतानाच जास्त असतो, तो यामुळे. गाडी सुरू करताना, हळू चालवताना, ॲक्सिलरेटर नुकता पिळताना चूक जाणवते आणि सरळ रस्त्यावर गाडी वेगात असली की तीच चूक लपते. गॅरेजमध्ये ‘वेगात मस्त पळते, पण चौकात मरते’ अशी तक्रार ऐकू येते, तिच्या मागच्या कारणांपैकी हे एक.

हे गणित ढोबळ आहे, हे विद्यार्थ्यांना सांगायला हवे. चार फटक्यांच्या इंजिनात हवा सलग वाहत नाही. बुलेट ३५० च्या सिलिंडरचा व्यास ७० मिमी आणि दट्ट्याची धाव ९० मिमी. घनफळ ३४६ घनसेंटिमीटर. मिनिटाला ३००० फेरे आणि घसा २४ मिमी धरला तर हवेचा सरासरी वेग सेकंदाला १९ मीटर येतो. पण हवा ओढली जाते ती चारांपैकी एकाच फटक्यात, म्हणून त्या वेळचा वेग सुमारे चौपट. तो दर वेळी शून्यापासून चढतो आणि पुन्हा शून्यावर येतो. शिवाय ॲक्सिलरेटर कमी असताना स्लाइड घसा अरुंद करते आणि वेग फार पडू देत नाही. इंजिन जागेवर फिरत असताना पेट्रोल पायलट जेटच्या वेगळ्या वाटेने येते. तिथली ओढ मोठी असते, पण त्या वाटेत मुद्दाम हवा मिसळून ती बोथट केलेली असते. एवढे सगळे जमेस धरले की आकडे बदलतात, दिशा बदलत नाही.

वर्गात हे दाखवायला पेट्रोल मुळीच नको. ग्लासभर पाणी घ्या. त्यात सरबताची नळी उभी धरा, तिचे वरचे टोक पाण्याच्या १ सेमी वर राहू द्या. दुसऱ्या नळीने त्या टोकावरून आडवी जोराची फुंकर मारा. फवारा उडेल. आता ग्लासाखालच्या वह्या एकेक काढून पाणी खाली न्या (उभी नळी हलू देऊ नका) आणि कोणत्या उंचीला फवारा बंद पडतो ते मोजा. ३ सेमी चढवायला सेकंदाला सुमारे २२ मीटर वेगाची फुंकर लागेल, असे वरचेच सूत्र सांगते.

इथे एक खाच आहे. ‘हवा वेगाने जाते म्हणून तिचा दाब कमी’ असे आपण सर्रास सांगतो. मोकळ्या हवेत मारलेल्या फुंकरीचा दाब आसपासच्या हवेइतकाच असतो. पाणी चढते ते फुंकर नळीच्या तोंडावरून वळसा घेते, तिथे दाब घटतो म्हणून. त्यामुळे सूत्राचा आकडा इथे अंदाजापुरताच घ्यावा. कार्ब्युरेटरचा घसा बंदिस्त असतो, तिथे बर्नुलीचे नाव घ्यायला हरकत नाही.

मोजायचे कसे?

जुन्या जावा-येझदीवर कार्ब्युरेटरच्या डोक्यावर एक लहानसे बटण असते, टिकलर. थंडीत गाडी सुरू करण्याआधी ते दाबतात. बटण फ्लोटला खाली ढकलते, सुई उघडी राहते, पेट्रोल ठरलेल्या पातळीच्या वर चढते आणि मिश्रण दाट होते. पातळी मुद्दाम बिघडवण्याचीच ही सोय! कायमची पातळी मात्र फ्लोटच्या दांडीवरची एक छोटी पितळी जीभ ठरवते. ही जीभ सुईला दाबते.

कामाची रीत अशी. इंजिन थंड असावे, जागा मोकळी व हवेशीर असावी, जवळपास विडी-काडी नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत लांबवर पसरते. कॉक बंद करून कार्ब्युरेटर काढा, खालची वाटी सोडवा, गॅस्केट बाजूला ठेवा. आता कार्ब्युरेटर उलटा धरा, पण पूर्ण उलटा नव्हे. बऱ्याच सुयांच्या टोकाला स्प्रिंगवर बसलेली बारीक पिन असते. फ्लोटच्या वजनाने ती दबली तर माप चुकते. म्हणून कार्ब्युरेटर तिरपा करत आणा आणि जीभ पिनेला नुसती टेकते त्या क्षणी थांबा. गॅस्केटच्या पृष्ठापासून फ्लोटच्या दूरच्या कडेपर्यंतचे अंतर मोजा. हीच फ्लोटची उंची. गाडीच्या पुस्तकात तिचा आकडा असतो. १९६९ साली आलेल्या होंडा सीबी ७५० साठी तो २६ मिमी आहे, आणि तिच्या चारही कार्ब्युरेटरना तो सारखाच ठेवावा लागतो, नाहीतर चार सिलिंडर चार तोंडांना धावतात.

इथे हमखास गोंधळ होतो. उंची वाढवली म्हणजे पेट्रोल वाढले असे वाटते. प्रत्यक्षात उलटे घडते. आपण उलट्या कार्ब्युरेटरमध्ये मोजतो आहोत. उंची जास्त, म्हणजे सरळ केल्यावर सुई बंद होते त्या वेळी फ्लोट जास्त खाली असतो. म्हणून पेट्रोलही खालीच थांबते. आकडा मोठा, पातळी कमी. कागदावर एक चित्र सरळ आणि एक उलटे काढल्याशिवाय हे डोक्यात बसत नाही.

जीभ वाकवताना हात आवरता हवा. सुई बिजागरीजवळ असते आणि फ्लोट लांब, त्यामुळे जिभेचे तिसरा हिस्सा मिलिमीटर फ्लोटकडे एक मिलिमीटर होते. लहान पेचकसाने किंचित रेटायचे, पुन्हा मोजायचे. सुई बसलेली असताना रेटू नये, तिच्या टोकावर वळ उमटतो. फ्लोटच्या दांड्या मात्र वाकवू नयेत, एक फ्लोट वर आणि दुसरा खाली असा प्रकार होतो.

ही मोजणी फ्लोटची झाली, पेट्रोलची नव्हे. खरे पेट्रोल कुठे आहे ते पाहायला आणखी सोपी युक्ती आहे. वाटीच्या तळाच्या भोकाला पारदर्शक नळी जोडा आणि तिचे दुसरे टोक कार्ब्युरेटरच्या अंगाला लावून उभे धरा. गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी करून कॉक उघडा. जोडलेल्या भांड्यांत द्रव सारख्या उंचीला राहतो, म्हणून नळीतली पातळी ती वाटीतली पातळी. गवंडी पाण्याच्या नळीने भिंतीची पातळी काढतो, तेच इथे.

पण नळी फार बारीक घेऊ नका. २ मिमी व्यासाच्या नळीत केशाकर्षणामुळे पेट्रोल जवळजवळ ६ मिमी जास्त चढते. म्हणजे आपण शोधत असलेल्या चुकीच्या दुप्पट चूक नळीच करते! ६ मिमीच्या नळीत हा आकडा सुमारे १ मिमीवर येतो. वक्र पृष्ठाचा खालचा बिंदू वाचावा.

फ्लोट आणि सुई

सुई बंद ठेवायला किती जोर लागतो, याचा अंदाज विद्यार्थ्यांना आधी करू द्यावा. टाकीतले पेट्रोल सुईच्या ३० सेमी वर असेल आणि सुईचे भोक २ मिमीचे असेल तर पेट्रोल सुईला ढकलते ते जेमतेम ०.७ ग्रॅम वजनाइतक्या बलाने. एवढ्याशा बलावर सगळा कारभार चालतो. सुईखाली गंजाचा एक कण अडकला तरी ती बसत नाही आणि पेट्रोल वाहतच राहते, ते यामुळेच. अशा वेळी पातळी बदलत बसण्यात अर्थ नाही, सुई साफ करायला हवी. टोकावर झिजेची कडी दिसत असेल तर ती बदलायलाच हवी. टाकी भरलेली असताना आणि रिकामी होत आली असताना पातळीत किती फरक पडेल? पेट्रोलची उंची १५ सेमीने घटली, दांडी तीनास एक आणि फ्लोटचा आडवा छेद ५ चौरस सेंटिमीटर धरला, तर उत्तर येते सुमारे ०.३ मिमी. एवढे चालते.

जुने पितळी फ्लोट दोन कवचे डाख देऊन जोडलेले असतात. जोड फुटला की आत पेट्रोल शिरते, फ्लोट जड होतो, जास्त बुडतो आणि सुई उशिरा बंद करतो. कानाजवळ हलवून पाहावा, आत डुचमळ ऐकू येते. कढत पाण्यात बुडवला तर भोकातून बुडबुडे निघतात. आतले सगळे पेट्रोल व त्याची वाफ निघून गेल्याशिवाय त्याला आच लावणे जिवावर बेतू शकते. आणि डाख देणाऱ्याने काटाही जवळ ठेवावा. त्याच ५ चौरस सेंटिमीटरच्या फ्लोटवर १ ग्रॅम डाख जास्त बसला तर तो १.३५ घनसेंटिमीटर जास्त पेट्रोल सारतो आणि पातळी सुमारे २.७ मिमी चढते. पुन्हा तेच तीन मिलिमीटर.

पातळीशी जोडलेला एक सुंदर प्रश्न वर्गात टाकण्यासारखा आहे. वळणावर मोटारसायकल कलली की वाटीतले पेट्रोल एका बाजूला जाते का? बहुतेक हात ‘हो’साठी वर जातील. उत्तर ‘नाही’ असे आहे. नीट घेतलेल्या वळणात गुरुत्वाकर्षण आणि वळणामुळे भासणारे बाहेरचे बल यांची बेरीज गाडीच्या उभ्या मध्यरेषेतच येते. पेट्रोलला कललेली गाडी सरळच वाटते. झोपाळ्याच्या पाटावर पाण्याचा पेला ठेवून संथ झोका द्या. पाण्याची पातळी पाटाला समांतर राहते, ते यामुळेच. गाडी साइड स्टँडवर लावली की मात्र गोष्ट वेगळी. फ्लोटची वाटी जेटच्या बाजूला ४ सेमीवर असेल आणि गाडी १५ अंश कलली असेल तर जेटपाशी पातळी एका सेंटिमीटरहून जास्त बदलते. वाटी वरच्या अंगाला आली तर पेट्रोल गळू लागते. ब्रिटिश अमल कंपनीने १९६७ साली कॉन्सेंट्रिक कार्ब्युरेटर आणला, त्यात जेट वाटीच्या मधोमध घेतला होता. कशासाठी, ते आता सांगायला नको.

नवे पेट्रोल, जुनी गाडी

हा सगळा विषय पुन्हा चर्चेत आला तो इथेनॉलमुळे. २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल भारतात २०२३ पासून विकले जाऊ लागले आणि २०२५ मध्ये देशभरातले मिश्रण या प्रमाणापर्यंत पोहोचले. जुन्या गाड्या त्यावर थोड्या गरम चालतात आणि ॲक्सिलरेटर पिळताना अडखळतात, अशा तक्रारी येतात. मग ‘पेट्रोल कमी पडतंय’ म्हणून जीभ वाकवून पातळी वर चढवण्याचा सल्ला मिळतो. हा सल्ला चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा हे आता आपल्यालाच काढता येईल.

पहिली शंका घनतेची. इथेनॉल पेट्रोलपेक्षा जड, मिश्रणाची घनता सुमारे ७५०. फ्लोट थोडा कमी बुडेल. पण १० मिमी बुडणारा फ्लोट फक्त ०.१३ मिमी वर येईल. हा फरक विसरून जावा.

दुसरी गोष्ट खरी. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला ९ किलो. या मिश्रणाचा आकडा सुमारे १३.५ येतो. तेवढ्याच हवेला जवळजवळ ९ टक्के जास्त इंधन हवे. घनता वाढल्यामुळे जेटमधून जेमतेम पाऊण टक्का जास्त जाते. तूट राहते आठ टक्क्यांची, आणि ती सर्व वेगांना सारखी राहते.

पातळी चढवून ती भरून निघेल का? मघाचे गणित आठवा. तीन मिलिमीटर चढवले तर मंद हवेत ३८ टक्के जास्त आणि जोरदार हवेत एक टक्क्याहूनही कमी. हळू चालताना मिश्रण नको इतके दाट होते, आणि इंजिन जिथे खरोखर तापते त्या वेगात तूट जशीच्या तशी राहते. वर पेट्रोल सांडायला लागते ते वेगळेच. बुलेटसारख्या चार फटक्यांच्या इंजिनात ते सिलिंडरमधून खाली उतरून तेल पातळ करते. येझदीसारख्या दोन फटक्यांच्या इंजिनात ते क्रँककेसमध्ये साचते आणि गाडी किक मारमारून सुरू होत नाही. गरम सायलेन्सरवर ठिबकले तर काय होईल ते लिहायला नको.

तूट भरून काढायची तर जेट बदलावा. प्रवाह भोकाच्या क्षेत्रफळावर ठरतो, म्हणून ८ टक्के प्रवाहाला व्यास सुमारे ४ टक्क्यांनी वाढवावा लागेल: ०.९० मिमीच्या जागी ०.९४ मिमी किंवा त्याच्या जवळचा मिळेल तो. जेट बदलल्यावर प्लगचा रंग पाहावा. पातळी पुस्तकात दिली आहे तिथेच ठेवावी.

इथेनॉल हवेतला ओलावा शोषते. गाडी महिनाभर उभी राहिली तर वाटीच्या तळाशी पाण्याचे थेंब साचतात, धातूला पांढरी बुरशी धरल्यासारखे दिसते, जुने रबर फुगते आणि सुई अडकते. उन्हाळ्याच्या सुट्टीत गाडी ठेवून गावी जाणार असाल तर कॉक बंद करा आणि वाटीतले पेट्रोल काढून टाका. परत आल्यावर कॉक उघडला की सुई सुटून वाटी भरायला अर्धा-एक मिनिट लागतो, तेवढे थांबून मग किक मारावी.